साहेबाचा साहेब

सुट्टीवर वसईला गेले की दरवेळी एक प्रश्न ठरलेला असायचा. "काय गं, तिथले शेख कसे असतात?" आता काय सांगणार? दुबईत बावीस वर्षं नोकरी केली, त्यात शेखाशी माझा संबंध आला दोनदा, तोही लिफ्टमध्ये. दोन्ही वेळा त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं आणि मी 'शुक्रन' म्हटलं. बाकी सगळी नोकरी गेली इंग्रजांच्या हाताखाली. आमच्या आजोबांच्या पिढीने त्यांना देशातून घालवलं, आणि मी स्वतः तिकीट काढून त्यांच्या मागे दुबईला गेले. वर व्हिसासाठी देवाला नवस बोलले.

आमचं ऑफिस बर दुबईत होतं, अल मनखूलच्या माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. उन्हाळ्यात तेवढ्यात माणूस वितळतो. कंपनी इंग्रज कन्सल्टंटची. कन्सल्टंट म्हणजे स्वतः काही न बांधता बांधणाऱ्याच्या चुका काढणारी आणि त्याबद्दल फी घेणारी माणसं. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कारखाना बांधायचा तर हजारो ड्रॉइंग निघतात. प्रत्येकाला नंबर, आणि ड्रॉइंग बदललं की नंबरापुढे नवीन रिव्हिजन. कुणी चुकून जुन्या रिव्हिजनवर काम केलं तर खांब उभा राहतो एकीकडे आणि बीम येतो दुसरीकडे. कुठलं पत्र कुणाला गेलं, कधी गेलं, त्यावर साहेबांनी काय शेरा मारला, हे सगळं माझ्याकडून जायचं. लोक मला टपालखातं समजत. मी स्वतःला हायकोर्ट समजत असे.

माझे साहेब म्हणजे मिस्टर हॅलम. स्ट्रक्चरल इंजिनिअर, साठीच्या आसपासचे, उंच, कडक इस्त्रीचे. बायको वारलेली, व्हिलात एकटेच राहायचे. अकरा वर्षं त्यांनी मला 'मिसेस लोपीस'च म्हटलं. कामात एक नंबर. कोणत्या बीममध्ये किती सळया आहेत हे ड्रॉइंग न उघडता सांगत. आणि अमेरिकेबद्दलही असंच, अमेरिकेला न जाता, सगळं सांगत.

सकाळी साडेदहाला पॅन्ट्रीत चहा व्हायचा. चार-पाच इंग्रज, चहाचे मग, आणि विषय अमेरिका. त्यांना बोलता येत नाही, ओरडता येतं. त्यांना स्पेलिंग येत नाही. चहा तर ते बर्फ घालून पितात, यावर एक मिनिट शांतता पाळली जायची. अनोळखी माणसाला ते 'कसे आहात' विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. इंग्रज माणूस मुळात विचारतच नाही, हा केवढा प्रामाणिकपणा! अमेरिकन माणूस घरी बोलावतो, पण त्याचा अर्थ काही नसतो, हेही तिथेच ठरलं होतं. हे सगळं बोलताना पायात अमेरिकन बूट, हातात अमेरिकन फोन, आणि मुलं कुठे शिकायला पाठवायची म्हटलं की पहिलं नाव बॉस्टनचं.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुमचा त्यांच्यावर एवढा राग का?"

हॅलम म्हणाले, "राग नाही, मिसेस लोपीस. ते आमचं राज्य नोटीस पिरियड न देता सोडून गेले." मग माझ्याकडे बघून फार मोठेपणाने म्हणाले, "तुम्ही लोक निदान कागदपत्रं करून गेलात."

भारताच्या स्वातंत्र्याची एवढी नीटनेटकी तारीफ मी पुन्हा कधी ऐकली नाही.

आणि मग एका सोमवारी मेल आला: आमची कंपनी एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली आहे. साडेदहाचा चहा झाला, पण अमेरिकेचं नाव कुणी काढलं नाही. साहेब लोकांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी कुठेतरी पाहिला होता. मग आठवलं, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. राज्य खालसा झालेल्या संस्थानिकांच्या फोटोत.

महिन्याभरात वेन आला. ओहायोचा, पंचेचाळिशीचा, आडवा-तिडवा, दोन्ही हातांनी हात धरून हलवणारा. आता तो आमच्या ऑफिसचा मुख्य. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "फिलोमिना! मी तुला फिल म्हणू का?" मी नाही म्हणायच्या आत म्हणूनही झालं. घरी ग्रेगरीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो हॉटेलच्या बेकरीत पहाटे तीनला कामावर जाणारा माणूस, बोलतो कमी. म्हणाला, "फिल तर पुरुषाचं नाव. आता पगारपण पुरुषाचा मागून घे." मुलगी शॅरन म्हणाली, "ममा, फिल इज सो कूल, ओके?"

वाचकांच्या लक्षात आलं असेल, हॅलमना मी मराठीतसुद्धा 'ते' म्हणते आणि वेनला 'तो'. हे वेनला कळलं असतं तर तो खूश झाला असता. हॅलमना कळलं असतं तर तेही झाले असते, पण तोंडावर दिसू दिलं नसतं.

दोघेही इंग्रजी बोलतात हा आमचा गैरसमज पहिल्याच महिन्यात दूर झाला. एका मीटिंगमध्ये फायर पंपचा विषय निघाला. हॅलम म्हणाले, "लेट्स टेबल इट." वेन म्हणाला, "ग्रेट, टेबल्ड!" दोघे हसले, हस्तांदोलन झालं, मी मिनिट्समध्ये लिहिलं. तीन आठवड्यांनी दोघेही एकमेकांवर लालबुंद. इंग्रजाच्या भाषेत 'टेबल' म्हणजे विषय चर्चेला घ्या. अमेरिकनाच्या भाषेत 'टेबल' म्हणजे विषय बाजूला ठेवा. एक रोज चर्चेची वाट बघत होता, दुसरा विषय संपला म्हणून निवांत होता. चूक अर्थातच माझी निघाली, कारण मिनिट्स मी लिहिली होती.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पुढचं नाही.

रास अल खैमाला सिरॅमिकच्या एका कारखान्याचं वाढीव बांधकाम चालू होतं. शेडच्या छताचा एक भलामोठा लोखंडी सांगाडा दोन क्रेननी मिळून उचलायचा होता. क्रेन उभी राहते ती चार पाय पसरून. त्या पायांखालची जमीन पक्की नसेल तर क्रेन कलंडते, आणि तिच्याबरोबर वरचा माल. हॅलमनी जमिनीचा रिपोर्ट वाचला होता. उत्तरेकडच्या क्रेनखाली चाचणीसाठी घेतलेल्या एका बोअरमध्ये माती भुसभुशीत लागली होती.

वेन सकाळपासून साईटवर होता. सव्वानऊला त्याचा हॅलमना मेल आला: अकराला माल उचलतोय, सगळं ओके ना? दहाच्या सुमाराला हॅलमचं उत्तर गेलं आणि नेहमीप्रमाणे त्याची कॉपी माझ्याकडे आली. लिहिलं होतं: उत्तरेकडच्या बाजूबद्दल मी असतो तर 'अ लिटल नर्व्हस' असतो, पण तुम्ही त्याचा विचार केलाच असेल. अर्थात निर्णय सर्वस्वी तुमचा.

दोन मिनिटांत वेनचं उलट उत्तर: "ऑसम! थँक्स फॉर द सपोर्ट!"

मी हॅलमचा मेल पुन्हा वाचला. अकरा वर्षं मी हॅलमचे शेरे फाईल करत होते. कॉन्ट्रॅक्टरने तीन मजले तिरके बांधले तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'किंचित आश्चर्य वाटले.' त्यांच्या शब्दकोशात 'अ लिटल नर्व्हस' म्हणजे पुढे पाऊल टाकलंत तर माणसं मरतील. आणि 'निर्णय सर्वस्वी तुमचा' म्हणजे, मग मला सांगू नका.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"सर, ते अकराला उचलतायत."

"मी त्याला सांगितलं आहे, मिसेस लोपीस."

"सर, त्यांना ते कळलेलं नाही."

"त्याला इंग्रजी येतं असं माझ्या कानावर आहे," हॅलम म्हणाले. "एका प्रकारचं."

"तुम्ही एक फोन करा ना, सर."

त्यांनी फोनकडे बघितलं. हात पुढे गेला नाही. आल्यापासूनच्या सहा महिन्यांत वेनने चार वेळा सगळ्यांसमोर त्यांना 'डोन्ट बी सो नेगेटिव्ह, बडी' म्हटलं होतं, पाठीवर थाप मारून. थाप बसली ती बसली. "मी लेखी दिलेलं आहे," ते म्हणाले. एवढा मोठा इंजिनिअर, आणि शाळेत रुसलेल्या पोरासारखा बसला होता.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. साहेबांच्या पत्राचा अर्थ लावणं हे माझं काम नव्हतं. माझं काम नंबर घालायचं. नोकरी गेली तर व्हिसा जातो, व्हिसा गेला तर शॅरनची शाळा. हे सगळं मनात येत होतं आणि बोटं वेनचा नंबर लावत होती.

"हे फिल! व्हॉट्स अप?"

"सर, मिस्टर हॅलमच्या मेलचा अर्थ आहे, उचलू नका."

मागे मशिनची घरघर होती. तो म्हणाला, "त्यांनी तसं म्हटलंय का?"

"नाही, सर."

"मग?"

"म्हटलेलं नाही, पण अर्थ तोच आहे. मी अकरा वर्षं त्यांची पत्रं फाईल करतेय. एवढं घाबरलेलं पत्र त्यांनी आजवर लिहिलेलं नाही."

मला वाटलं, हसणार, पाठीवर फोनवरूनच थाप मारणार. पण पुढचे शब्द मला नव्हते, बाजूच्या माणसाला होते. "स्टॉप. खलास. एव्हरीबडी आऊट."

पुढचं मला मानेने सांगितलं. माने आमचा साईट इंजिनिअर, सांगलीचा. त्याने माणसं लांब काढली आणि उत्तरेकडच्या क्रेनचा पाय जिथे टेकणार होता तिथे वाळूने भरलेला डंपर रिव्हर्समध्ये न्यायला लावला. "मॅडम, मागचं चाक एकदम अ‍ॅक्सलपर्यंत खाली," माने सांगत होता. "ड्रायव्हर उडी मारून बाहेर आला. खाली जुना खड्डा निघाला, नुसती वाळू ढकलून बुजवलेला. त्या सांगाड्याखाली आमची पंधरा माणसं उभी राहणार होती. मीपण तिथेच असतो."

दुपारी हॅलमनी मला आत बोलावलं. डंपरचा फोटो त्यांच्या स्क्रीनवर होता.

"मिसेस लोपीस, माझं भाषांतर झालं असं कळतं."

"हो, सर."

"अचूक झालं का?"

"'अ लिटल' तेवढं गाळलं, सर."

त्यांनी स्क्रीनवरचा फोटो बंद केला. मग म्हणाले, "फोन मी करायला हवा होता." आणि लगेच फाईल उघडून मान खाली घातली. अकरा वर्षांत त्यांनी माझ्यासमोर दिलेली ती एकमेव कबुली. मी ती फाईल केली नाही, पण विसरलेही नाही.

वेनचं सगळंच उलट. त्याने पूर्ण ऑफिस जमवलं, टाळ्या पिटल्या, 'फिल इज अ रॉकस्टार' म्हणून ओरडला आणि मला काचेची ट्रॉफी दिली. त्यावर माझं आडनाव चुकीचं कोरलेलं. इंग्रज मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली आणि अवघडून टाळ्या वाजवत राहिली. त्यांच्या मते एखाद्याचं तोंडावर कौतुक करणं म्हणजे त्याचे कपडे उतरवणं.

त्यानंतर हॅलमनी स्वतःत सुधारणा केली. पुढच्या आठवड्यात वेनला त्यांचं पत्र गेलं, एका ओळीचं: हे करू नका. वेन घाबराघुबरा माझ्याकडे आला. "फिल, मी काय केलं? ते माझ्यावर एवढे का चिडलेत?"

दीड वर्षाने, जूनमध्ये, वेनची नोकरी गेली. त्याच्याच अमेरिकेने, सकाळच्या एका व्हिडिओ कॉलवर, 'यू आर फॅमिली' म्हणत काढलं. पॅन्ट्रीत त्या दिवशी चहाला रंगत आली होती. "बघा," एक जण म्हणाला, "हसत हसत गळा कापतात." अमेरिकेविषयीचं मत खरं ठरल्याचा केवढा तो आनंद; ज्याचा गळा कापला तोही अमेरिकनच होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वेनला महिन्याभरात देश सोडायचा होता. अडचण होती ती त्याच्या कुत्र्याची. बिस्किट नावाचं थोराड, गबाळं कुत्रं. उन्हाळ्यात विमान कंपन्या कुत्री घेत नाहीत, उन्हाने मरतात म्हणून. वेनने ऑफिसभर विचारलं. सगळ्यांनी इन्शाल्ला म्हटलं, म्हणजे 'नाही', हे दुबईत राहणाऱ्याला कळतं. तेव्हा हॅलम आपणहून त्याच्या केबिनच्या दाराशी गेले.

"कुत्रं आहे असं ऐकलं."

"हो, पण मिस्टर हॅलम, तुम्ही..."

"त्याच्या राष्ट्रीयत्वाला बिचारा तो काय करणार?" हॅलम म्हणाले. आणि संध्याकाळी कुत्रं घेऊन गेले.

जायच्या आधी वेनने सगळ्यांना शनिवारी घरी जेवायला बोलावलं. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "फिल, फॅमिलीला घेऊन ये. खरंच ये." मी "हो, नक्की" म्हटलं आणि गेले नाही. ग्रेगरीने विचारलंसुद्धा, "जायचं नाही का?" मी म्हटलं, "अरे, अमेरिकन बोलावतात, पण त्याचा अर्थ काही नसतो." हे वाक्य माझं नव्हतं. पॅन्ट्रीतलं होतं. अमेरिकेला मी तरी कुठे गेले होते? चहा पिता पिता मत फुकट मिळालं, तेच घेऊन बसले.

नोव्हेंबरात कुत्रं वेनकडे ओहायोला पाठवायची वेळ आली. तिकिटाचे सात हजार दिरहॅम. मानेने लगेच मोठ्याने गुणाकार केला, "म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये, मॅडम! कुत्र्याचे!" कुत्रं एकटंही गेलं असतं. पण मध्ये विमान बदलायचं होतं, आणि अनोळखी विमानतळावर त्याला एकटं ठेवणं बरं नाही म्हणून हॅलमनी स्वतःचंही तिकीट काढलं. दोन दिवस राहून परत येतो म्हणाले. तीन आठवड्यांनी आले.

परतल्याच्या दिवशी साडेदहाला चहा होता. लंडनहून नवा आलेला ऑलिव्हर नावाचा इंजिनिअर रंगात आला होता: अमेरिकनांना नकाशावर स्वतःचा देश दाखवता येत नाही, वगैरे. सगळे हसले आणि हॅलमकडे बघायला लागले, कारण पुढचं वाक्य नेहमी त्यांचं असायचं.

हॅलमनी चहा ढवळला. "तू गेला आहेस का तिथे, ऑलिव्हर?"

"नाही, सर."

"वाटलंच," म्हणाले, आणि चहाचा मग उचलून बाहेर पडले.

मी त्यांच्या मागोमाग सह्यांची फाईल घेऊन गेले. सह्या करता करता ते म्हणाले, "शेजारपाजारचे लोक दार न वाजवता आत येतात, मिसेस लोपीस. भयंकर आहे. मला तिथे ताप आला तर एका बाईने चार दिवस सूप आणून दिलं. मी तिला ओळखतही नव्हतो." मग पेन थांबलं. "त्या शनिवारी तुम्ही आला नाहीत."

"तुम्ही गेला होतात, सर?"

"कुत्र्याचं सामान आणायला गेलो होतो. त्याने तीस माणसांचं जेवण केलं होतं. कोण काय खातं ते मानेला विचारून घेतलं होतं. अकाऊंट्समधल्या जोशींसाठी शाकाहारी शेगडी वेगळी, मांस लागू नये म्हणून नवीन आणलेली. आम्ही तिघंच होतो. तो, मी आणि माने. रात्री दहापर्यंत तो बाल्कनीतून पार्किंगकडे बघत होता." त्यांनी शेवटची सही केली. "मी त्याला सांगितलं की रस्त्यावर ट्रॅफिक असेल."

मी जागेवर आले. समोर नंबर घालायचे ट्रान्समिटल, म्हणजे ड्रॉइंगबरोबर जाणारे कागद, पडले होते, त्यातला एकही हलेना. संध्याकाळ होईपर्यंत थांबले, म्हणजे ओहायोत सकाळ झाली असती. मग फोन लावला. पलीकडून आधी कुत्र्याचं भुंकणं आलं आणि मग वेन.

"वेन, मी फिलोमिना. त्या शनिवारी मी आले नाही. बोलावणं खरं आहे असं मला वाटलं नव्हतं. माझी चूक झाली."

"अगं, त्यात काय! नो वरीज!" तो म्हणाला. "तू ओहायोला ये. ग्रेगरीला घेऊन, शॅरनला घेऊन. एनी टाइम."

मी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं आणि म्हटलं, "असं नको. तारीख सांग."